कागदाखालची अक्षरं

घोडेगावच्या अल्लाबक्षला सगळे पेंटर म्हणतात, पण गेल्या कित्येक वर्षांत त्यानं कुणाच्या भिंतीला रंग लावल्याचं कुणी पाहिलेलं नाही. तो भिंतीला कागद लावतो. साधा नव्हे, उठावाचा. विटांचा, बांबूंचा, फुलापानांचा, बोट फिरवलं की खडबडीत लागणारा जाड कागद. आसपासच्या गावांत कुणाच्या टीव्हीमागं लालभडक विटा दिसल्या आणि त्या बोटानं दाबल्या गेल्या, की ओळखायचं, इथं अल्लाबक्ष येऊन गेलाय.

अलीकडे तो कागद लावतो कमी आणि काढतो जास्त. ज्यांनी हौसेनं लावून घेतला त्यांची पोरं मोठी झाली, शिकली, आणि त्या पोरांना विटांची लाज वाटायला लागली. अल्लाबक्षला या बदलाचं काडीचं दुःख नाही. "लावायला बी मीच आन उपटायला बी मीच," असं तो चहाच्या टपरीवर सांगतो. "दोन्हीकडून आपलंच दुकान."

माणूस तिरसट. चहा पातळ असला तर घरधन्याच्या तोंडावर सांगणार, आणि वर दुसरा कप मागणार. शुक्रवारचा नमाज चुकवत नाही, बाकी दिवशी गुडघ्यांचं कारण पुढं करतो. शिडीवर चढताना त्याच गुडघ्यांना काही कसं होत नाही, हे त्याची बायको मेहताब बरीच वर्षं विचारते आहे. त्यावर तो मिशीवरून हात फिरवतो आणि दुसरा विषय काढतो.

पण पेंटर हे नाव काही त्याला फुकट मिळालेलं नाही. कागदाच्या आधी अल्लाबक्ष अक्षरं काढायचा. दुकानांच्या पाट्या, टेम्पोंच्या मागची 'आईवडिलांचा आशीर्वाद', रसवंतीचे पत्रे, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्याच्या हातचं. शिंगणापूरच्या वाटेवर तेल आणि रुईच्या माळा विकणाऱ्यांच्या निम्म्या पाट्या त्याच्या होत्या. शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, नुसत्या चौकटी आहेत. तिथल्या एका हॉटेलवाल्यानं त्याच्याकडून 'आत येऊ नये' अशी पाटी करून घेतली. टांगायला दारच नव्हतं, म्हणून दोघांनी मिळून ती चौकटीच्या वर ठोकली, आणि मग अख्खं गाव त्या पाटीखालून आत-बाहेर करत राहिलं. निवडणूक आली की तो सकाळी एका पक्षाची भिंत रंगवायचा आणि दुपारी समोरची भिंत दुसऱ्या पक्षाची. दोन्ही उमेदवारांना वाटायचं, पेंटर आपला माणूस आहे. त्यानं मत कुणाला दिलं हे मेहताबनंही कधी विचारलं नाही, कारण मग तिला तिचं सांगावं लागलं असतं.

आणि लग्नं. लग्नघराच्या ओसरीवर, दाराशेजारच्या भिंतीवर नवरा-नवरीचं नाव लिहायचं, वर 'शुभविवाह', बाजूला केळीचे खांब, तोरण, कधी मोर. मांडव दोन दिवसांत निघायचा, पण ती नावं भिंतीवर पोरंबाळं होईपर्यंत राहायची. अल्लाबक्षला लग्नाची भिंत सगळ्यात आवडायची. पाटीवर दुकानदार मधे मधे लुडबुडतो, फोन नंबर मोठा करा म्हणतो. लग्नाच्या घरात कुणाला पेंटरकडं बघायला वेळ नसतो, त्यामुळे अक्षरं मनासारखी काढता येतात. त्याचा 'श' बघायला लोक सायकली थांबवायचे, असं तो सांगतो. निम्मं सोडून द्या, पण निम्मे तरी थांबत असतील.

मग फ्लेक्स आला. अल्लाबक्षच्या पाट्या एकेक करून उतरल्या. एका पाटीचं कोंबड्यांच्या खुराड्याला झाकण झालं, एक शेळ्यांच्या गोठ्यावर पालथी पडली, आणि रसवंतीचा पत्रा भंगारात गेला. लग्नाच्या भिंतीही गेल्या, कारण चौकात नवरदेवाचा गॉगल घातलेला फोटो लागायला लागला. अल्लाबक्षनं रागाच्या भरात सगळे ब्रश मेहताबला देऊन टाकले. तिनं त्यांतल्या चांगल्या केसाच्या ब्रशानं पुढं कितीतरी वर्षं तव्याला तेल लावलं.

या सगळ्यानंतर त्याची धाकटी मुलगी अर्शी कळती झाली. तिनं बापाच्या हातात ब्रश कधी पाहिलाच नाही. आणि नियतीला काही लाजलज्जा नसते, त्यामुळे अर्शी आता नगरला मावशीकडं राहून एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. वाढदिवस, दशक्रिया, आमदारांचं हार्दिक स्वागत, सगळं. पोरगी हुशार, कामाला चपळ. "अब्बा, तुम्ही एका बोर्डाला दोन दिवस लावायचे म्हणे," ती एकदा म्हणाली होती. "मी चहा निवायच्या आत देते."

एवढ्यानं त्याचं काही बिघडलं नसतं. पण मागच्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात कुणी तरी अर्शीला विचारलं, वडील काय करतात. ती म्हणाली, "भिंतीला कागद लावतात. म्हणजे, आता काढतात." सगळे हसले. अल्लाबक्षही हसला. पण त्यानं त्या दिवशी बिर्याणी दुसऱ्यांदा घेतली नाही, आणि मेहताबनं लगेच ओळखलं की माणसाला काही तरी लागलं आहे.

घरी आल्यावर त्यानं अर्शीला बसवून आपल्या अक्षरांबद्दल सांगितलं. ती ऐकून घेत होती, जसं आपण गावातल्या जुन्या दुष्काळाबद्दल ऐकून घेतो. शेवटी म्हणाली, "फोटो आहे का एखादा?" नव्हता. त्या काळी फोटो माणसांचे काढायचे, पाट्यांचे कोण काढतो. "मग लिहून दाखवा की एकदा," अर्शी म्हणाली.

"मी काय गारुडी हाय का, बस म्हणलं की खेळ दाखवायला," अल्लाबक्ष म्हणाला आणि उठून गेला.

खरं कारण वेगळं होतं. त्याला भीती वाटत होती. हात आता जुना झाला होता, चहाचा कप उचलताना कधीकधी बशीत सांडायचा. लिहायला बसलो आणि वेडंवाकडं आलं, तर आजवर जे सांगत आलो ते सगळं थापाच ठरणार. आपण कोण होतो हे मुलीला कळावं असं त्याला फार वाटत होतं, पण त्यासाठी हा हात पुढं करायची त्याची छाती होत नव्हती.

अशात श्रीमंताच्या घरून निरोप आला. श्रीमंत म्हणजे साखर कारखान्यातून निवृत्त झालेला गावातलाच गृहस्थ, नावाएवढा नसला तरी खाऊनपिऊन सुखी. निरोप त्याच्या बायकोचा, सविताचा होता, कारण त्या घरात निरोप तीच पाठवते. हॉलमधला विटांचा कागद काढायचा होता. रविवारी त्यांच्या मुलाच्या, अंगदच्या होणाऱ्या सासुरवाडीची माणसं घर बघायला येणार होती.

"कागद निगाला पायजे, आन गिलाव्याला नख बी लागता कामा नये," सविता म्हणाली. "शेजारच्या रंगनाथनं छन्नी घिऊन कागद काढला, तर निम्मी भिंत खाली आली. अजून तिथं ताडपत्री हाय. आमचा गिलावा चुन्याचा हाय, मामंजींच्या हातचा. शनिवारी सांजच्याला पुट्टीवाला येतोय. तवर भिंत मोकळी करून द्या."

अल्लाबक्ष भिंतीसमोर उभा होता आणि त्याचं लक्ष तिच्या बोलण्यात नव्हतं. हा हॉल पूर्वी ओसरी होती. पुढं जाळी आणि काचा बसवून तिचा हॉल झाला. म्हणजे ही भिंत तेव्हा बाहेरची भिंत होती, दाराशेजारची. आणि या भिंतीवर श्रीमंताच्या लग्नात त्यानंच ऑइलपेंटनं नावं लिहिली होती. मोठा 'शुभविवाह', खाली दोन्ही नावं, दोन मोर. पुढं त्याच्यावर कागदही त्यानंच लावला. गावात, तालुक्यात, शिंगणापूरच्या वाटेवर त्याचं एक अक्षर शिल्लक नव्हतं, आणि इथं विटांच्या मागं अख्खी भिंत बसली होती.

त्याच्या आताच्या हाताची गरजच नव्हती. जुना हात भिंतीत होता. तो फक्त धक्का न लावता बाहेर काढायचा होता.

त्यानं जागेवरूनच अर्शीला फोन लावला. "शनिवारी दुपारी श्रीमंताच्या घरी ये. सुट्टी काढ."

"कशाला?"

"ये म्हणलं तर ये. आल्यावर कळंल." आणि त्यानं फोन बंद केला, कारण आणखी बोलला असता तर सगळं सांगून बसला असता.

मग तो सविताकडं वळला आणि जमेल तितक्या गोड आवाजात म्हणाला, "वहिनी, ह्या कागदाखाली तुमच्या लग्नाचं नाव हाय बघा. श्रीमंत आणि चांगुणा. निगालं तर एक दिवस ठिवू या का तसंच?"

"चांगुणा कोण?" सविता म्हणाली. "ती बाई ह्या घरात कदी आलीच न्हाई. ताटात तांदूळ पसरलं, ह्यांनी अंगठीनं सविता लिवलं, झालं. चांगुणा नाव जुनाट वाटतं म्हणून सासूबाईंनी बदलाया लावलं. सासूबाईंचं सवताचं नाव साळूबाई." तिनं पदर खोचला. "अक्षरं निगाली तर बघा घटकाभर. पुट्टीवाला आला की भरून टाकायची."

अल्लाबक्षला घटकाभर पुरेसं होतं.

शुक्रवारी नमाज उरकून त्यानं कामाला सुरुवात केली. आधी विजेचं बटण बंद. मग टीव्ही उतरवून आतल्या खोलीत. हा टीव्ही उतरताना श्रीमंताचा चेहरा लेक सासरी निघाल्यासारखा झाला. त्याला क्रिकेट बघायचं होतं. बघायला काही उरलं नाही म्हणून तो खुर्ची घेऊन अल्लाबक्षच्या पाठीमागं बसला आणि कामावर देखरेख करू लागला, जी त्यानं कारखान्यात आयुष्यभर केली होती.

अल्लाबक्षनं भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायला सुरुवात केली. भरीव गिलावा घट्ट वाजतो, पोकळ गिलावा बोलतो. खालच्या बाजूला, जिथं पावसाळ्यात ओल चढते, तिथं भिंत दोन ठिकाणी बोलली. तिथं त्यानं खडूनं गोल काढले. मग लोखंडी पट्टी काढली. तिचे दोन्ही कोपरे त्यानं दगडावर घासून गोल केलेले होते, म्हणजे चुकून हात घसरला तरी चुन्यात टोक रुतू नये.

"एवढं काय नाजूक," श्रीमंत म्हणाला. "जोर लावा की जरा."

"जोर लावायचा तर रंगनाथला बोलावलं असतं," अल्लाबक्ष म्हणाला.

उठावाच्या कागदाला दोन अंगं असतात. वरचं प्लास्टिकचं, नक्षीचं. ते कोरडंच निघतं. वरच्या कोपऱ्यात नख घालून सुटं केलं आणि भिंतीला समांतर, खालच्या बाजूला सावकाश ओढलं, की पट्टाच्या पट्टा येतो. समोर ओढायचं नाही, नाहीतर गिलाव्यालाही बरोबर यावंसं वाटतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या विटा जमिनीवर आल्या आणि भिंतीवर मागचं अंग राहिलं, पांढरट कागदाचा पातळ थर. त्याच्याआड काही दिसतंय का म्हणून अल्लाबक्षनं डोळा लावून पाहिलं. एका जागी हिरवट सावली होती. मोराची असावी. आनंदानं त्यानं त्या जागेवर अलगद बोट टेकवलं.

मग त्यानं कोपऱ्यावर ओला कपडा दाबून पाहिला आणि थोड्या वेळानं नख लावलं. कागद हलला नाही. बोटाला दुधाळ चिकट काही तरी लागलं. त्यानं वास घेतला आणि मनातल्या मनात स्वतःलाच एक शिवी दिली. खळ नव्हती. एरवी तो गव्हाच्या पिठाची खळ वापरायचा, मोरचूद घालून, आणि ती पाण्यानं सुटते. इथं सुतारांचा पांढरा डिंक होता.

"आठवतं का, पेंटर," श्रीमंत खुर्चीतून म्हणाला, "मी म्हणलो हुतो, जन्मभर निगायला न्हाई पायजे. तुमी म्हणालात, निगाला तर मिशी काढीन."

"मिशी माझी हाय, तुमी बोलू नका," अल्लाबक्ष म्हणाला.

पण डिंकापेक्षा दुसरी गोष्ट त्याला खायला लागली होती. ऑइलपेंटच्या गुळगुळीत भिंतीवर कागद धरत नाही. म्हणून त्या काळी कागद लावण्याआधी तो भिंतीला टाकीनं बारीक खड्डे पाडायचा, चिकटायला धर मिळावा म्हणून. या भिंतीवर पाडले होते का? त्याला आठवेना. पाडले असतील तर अक्षरांना देवी आलेल्या असणार. घरी जाऊन त्यानं मेहताबला विचारलं, जणू ती तिथं हजर होती. "तुमी रागात असलात तर पाडले असतील," मेहताब म्हणाली. "आणि त्या वर्षी तुमी रोजच रागात हुता." या उत्तरानं त्याचा काही फायदा झाला नाही.

शनिवारी सकाळी त्यानं सविताकडून फवारणीचा पंप मागून घेतला, कांद्यावर औषध मारायचा, पाठीवर घ्यायचा. आधी तो साबणानं धुवून घेतला. मग त्यात कोमट पाणी, थोडी धुण्याची पावडर आणि सिरका घातला. हॉलमध्ये पंप मारणारा माणूस बघायला शेजारच्या दोन बायकाही आल्या. अल्लाबक्षनं खिळ्याच्या टोकानं कागदावर नुसते हलके ओरखडे ओढले, खाली चुन्यापर्यंत न पोचतील असे, आणि बारीक तुषार मारत वरून खाली आला. खडूच्या गोलांवर मात्र त्यानं पंप मारला नाही. तिथं पिळून घेतलेला कपडा लावला, म्हणजे पोकळ गिलावा पाणी पिऊन खाली बसू नये. मग शेतातला मल्चिंगचा प्लास्टिकचा कागद सगळ्या भिंतीवर पसरून चिकटपट्टीनं लावला. भिंत झाकली की ओलावा आत राहतो.

"आता?" श्रीमंतानं विचारलं.

"आता चहा."

या माणसाला चहाच्या टपरीवर कुणासाठी पाच मिनिटं थांबवत नाही, पण भिंतीसाठी तो अर्धा दिवस बसून राहू शकतो. त्यानं चहा घेतला, पातळ असल्याचं सांगितलं, परत तुषार मारले, परत झाकलं. दुपार व्हायला आली तेव्हा त्यानं आच्छादनाचा वरचा कोपरा उचलला आणि पट्टी भिंतीला जवळजवळ आडवी धरून कागदाखाली सरकवली. या वेळी कागद सुटला. खाली चुना होता, गुळगुळीत, शाबूत. एकही खड्डा नाही.

अल्लाबक्षनं डोळे मिटले. टाकी मारलीच नव्हती. आपल्याच अक्षरांवर टाकी उचलायला त्या वेळी हात झाला नसेल. म्हणूनच त्यानं खळीच्या जागी डिंक घेतला असणार, म्हणजे खड्ड्यांशिवाय कागद धरेल. रागातल्या त्या अल्लाबक्षबद्दल त्याला एकदम माया आली. त्यानं पट्टी पुढं सरकवली. रुंद पट्टा अलगद सुटत खाली आला, आणि मागची भिंत पांढरी होती.

नुसती पांढरी.

त्यानं भिंतीवरून बोट फिरवून पाहिलं. मग त्यानं हातातला ओला पट्टा उलटा केला. पट्ट्याच्या पाठीवर लाल रंगाची एक जाड उभी रेघ होती, आणि तिला लागून एक वळण. अक्षर कागदाला चिकटून आलं होतं. ऑइलपेंटचा पापुद्रा चुन्यावर नुसता बसलेला होता, आणि डिंकानं त्याला वरून घट्ट धरलं होतं. चुन्यानं रंग सोडला, डिंकानं सोडला नाही. टाकी न मारून त्यानं जी अक्षरं वाचवली, तीच त्याच्या पक्क्या कामानं उचलली होती.

त्यानं दुसरा पट्टा आणखी सावकाश काढला. तिसरा बाजूनं काढून पाहिला. चौथ्याला नुसती वाफ देऊन पाहिली, सविताच्या कुकरची शिट्टी काढून, नळी लावून. काही उपयोग झाला नाही. भिंत जसजशी मोकळी झाली तसतसा 'शुभविवाह' तुकड्यातुकड्यांनी त्याच्या हातात येत गेला, उलटा, ओला, आणि जमिनीवर ठेवला की सुरकुतून आपल्यातच चिकटणारा. एका मोराची मान एका पट्ट्यावर आली आणि पिसारा दुसऱ्यावर. शेवटी खडूचे दोन गोल राहिले. ते त्यानं बोटांनीच सोडवले, आणि पोकळ गिलावासुद्धा जागचा हलला नाही.

सविता आतून आली. तिनं भिंतीवर वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला. "लोण्यासारखी निगाली की हो भिंत," ती म्हणाली. "ओरखडा म्हणून न्हाई. अवो, बघितलं का? ह्याला म्हणत्यात काम."

श्रीमंत खुर्चीतून उठला, भिंत ठोकून पाहिली आणि मान हलवली. शेजारच्या बायका रंगनाथला बोलवायला गेल्या, त्यानं बघावं म्हणून. अल्लाबक्षच्या उभ्या आयुष्यात त्याच्या कामाचं इतकं कौतुक एका जागी कधी झालं नव्हतं. तो बाजेच्या कडेला बसला होता आणि त्याला रडू येत होतं.

अर्शी आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. ती नगरहून जीपमध्ये दाटीवाटीनं आली होती, ओढणी चुरगळलेली. भिंतीकडं बघून म्हणाली, "कागद काढलेला दाखवायला बोलावलं होय मला?"

"न्हाई," अल्लाबक्ष म्हणाला. त्यानं जमिनीवरच्या पट्ट्यांकडं बोट केलं. "ते."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. लग्न, भिंत, डिंक. अर्शी चवड्यांवर बसली. एका पट्ट्याची घडी तिनं नखानं उलगडली, फोननं फोटो काढला, आणि उलटं अक्षर सुलट दिसावं म्हणून बोटानं तो उजवा-डावा फिरवला. अल्लाबक्षनं मान पुढं केली. पडद्यावर एक लाल आकडी दिसत होती, मधे तडे गेलेली, एका बाजूला मोराचा पाय. तिनं दुसरा पट्टा घेतला. तिसरा. फोटो जोडून पाहिले, लहान-मोठे केले. फार वेळ खटपट केली, मनापासून, हे त्याला दिसत होतं.

"अब्बा, यातून काही कळत नाही," ती शेवटी हळूच म्हणाली. "चांगलंच असेल. मी मानते ना."

मानते, हा शब्द त्याला बिर्याणीच्या दिवसापेक्षा जास्त लागला. मुलगी दया करत होती. थट्टा केली असती तर तिला दोन शब्द सुनावता आले असते, पण दयेला काय सुनावणार.

तो उठला. बादलीत कोमट पाणी शिल्लक होतं, आणि कडा भिजवायचा दोन बोटं रुंदीचा ब्रश तिच्यात पडला होता. हा काही अक्षरांचा ब्रश नव्हता, त्याचे केस फाकलेले होते. अल्लाबक्षनं तो निथळला, अंगठ्यानं चेपून केस एकत्र केले आणि भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. हात थरथरत होता. पाठीमागं बायको नव्हती हे बरं, असं त्याच्या मनात आलं. मुलगी होती, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

त्यानं ब्रश चुन्यावर टेकवला आणि पाण्यानं 'शु' काढायला घेतला. उभी रेघ मधेच हलली. पांढऱ्या चुन्यानं पाणी लगेच ओढून घेतलं आणि ती रेघ करडी होऊन भिंतीवर उमटली, हललेली, सगळ्यांना दिसेल अशी. त्यानं थांबायला हवं होतं. पण ब्रश भिंतीला टेकला होता, आणि टेकलेला ब्रश उचलायचा नसतो, हे मनगटाला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. 'श'चं वळण आलं, वर भरदार, खाली निमुळतं होत गेलेलं. उकार सुटला आणि एका दमात गोल फिरून अक्षराखाली जाऊन बसला. त्यामागून 'भ' आला, आणि 'भ' काढताना हात थरथरत नव्हता.

"अवो पेंटर," सविता मागून म्हणाली, "पुट्टीवाला यायची येळ झाली, भिंत वाळू द्या की. वाळायची सोडून परत कशापाई भिजवताय?"

अल्लाबक्षनं ऐकलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात ओले असल्यामुळे ते पुसायची सोय नव्हती. त्याला इतकं बरं वाटत होतं की हे सगळं गाव उभं राहून बघत असतं तरी चाललं असतं.

अर्शी भिंतीच्या अगदी जवळ आली. तिच्या हातात फोन होता, पण तिनं तो वर केला नाही. चुन्यातलं पाणी वाळत होतं. 'शु'चा माथा आधी फिकटला, मग वळण, आणि उकार तेवढा मागं राहिला. तो जाईपर्यंत ती त्याच्याकडं बघत राहिली.

"उभी रेघ हलली, अब्बा," ती म्हणाली.

"हलली," अल्लाबक्ष म्हणाला.

"उकार कसा फिरवला, ते मला दिसलं नाही. फार भरभर गेला." तिनं फोन पर्समध्ये टाकला, बादली उचलून त्याच्या पायाशी आणून ठेवली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. "पुन्हा काढा. हळू काढा."

अल्लाबक्षनं ब्रश पाण्यात बुडवला.